वाण

रेक्सम सोडून लेकीकडे स्वान्सीला निघताना
शेजारच्या इद्रिस प्यूंनी कुंपणावरून एक पाकीट दिलं,
गॅसबिलाचं जुनं, पारदर्शक खिडकीचं.
आत सात बिया,
चपट्या, लव असलेल्या, वाळक्या गवताच्या रंगाच्या.
"माझ्या आत्याच्या. दुकानात मिळायच्या नाहीत."
नाव विचारलं तर म्हणाले, नाव कशाला,
आम्ही बेथनचे टोमॅटो म्हणायचो.
मग ट्रकमध्ये त्यांची आरामखुर्ची चढली,
उलटी, पाय वर करून.

मार्च. गाड्यांच्या काचांवर अजून बर्फ.
दह्याच्या डब्यांना सुईने भोकं पाडली,
बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांवर, अंधारात ठेवले सात डबे.
कामावरून आले की कोट न काढता आधी कपाट.
श्रीरंग म्हणाला, बाळंतिणीची खोली झालीय नुसती.
नवव्या दिवशी चार उगवले.
एकाने बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घातलेलं,
ते मी थुंकी लावून, नखाने, हळू काढलं.
उरलेले तीन डबे
महिनाभर टाकवले नाहीत.

दक्षिणेची खिडकी फक्त ईराच्या खोलीत.
ती ॲबर्डीनला; तिच्या अभ्यासाच्या टेबलावर चार कुंड्या.
पानं मोठी झाली आणि मला शंका आली:
कातरलेली नाहीत, रुंद, सपाट,
ही तर बटाट्याची पानं!
म्हाताऱ्याने चेष्टा केली की काय?
एक पान चुरडलं. वास मात्र तोच,
उग्र, हिरवा, नाकात बसणारा.
हात धुतले तर पाणी पिवळं.

जूनमध्ये फुलं. खोलीत ना वारा ना मधमाशी.
कुणीसं सांगितलेलं, म्हणून विजेचा टूथब्रश
देठाला टेकवला. भुणभुण.
उन्हाच्या पट्ट्यात चिमूटभर धूळ उडाली.
दुसऱ्या दिवशी श्रीरंग स्वतःसाठी नवा ब्रश घेऊन आला.

जुलै गेला. ऑगस्ट गेला, इथे जातो तसा, छत्रीखालून.
फळं मुठीएवढी, घड्या पडलेली,
आणि हिरवी.
शेजारी केळं ठेवून पाहिलं. कुंड्या फिरवून पाहिल्या.
रोज सकाळी चष्मा लावून तांबूस काही दिसतंय का बघायची,
बुडाशी जराशी पिवळट झाक, बस.
सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी हरले.
पाच तोडले. चिरले. मिरची, दाण्याचं कूट, हिंगाची फोडणी,
कच्च्याची करतात तशी चटणी.
चटणी गोड झाली.
गूळ मी घातलाच नव्हता.

फोन केला. पलीकडे टीव्ही, मग खोकला.
"लाल? ते कशाला लाल होतील?"
इतके हसले की लेकीने फोन हातातून घेतला.
मग परत ते: "डोळ्यांनी नाही कळत, मुली.
कानाची पाळी धर. तेवढा मऊ लागला की काढ."

साठीला टेकलेल्या मला मुली म्हणणारं
आता कोण उरलंय.

वर गेले. दिवा लावला नाही.
एका हातात स्वतःची पाळी, दुसऱ्यात फळ.
हे नाही.
हेही नाही अजून.
हे.
खिडकीशी उभ्यानेच, मीठसुद्धा न लावता.
ओघळ कोपरापर्यंत गेला.
ढवळ्याशेजारचा तो पवळ्या आठवला, वाण नाही पण गुण लागला.
याला वाण शेवटपर्यंत लागला नाही,
आणि गुण?
ज्या पाचांची मी चटणी केली त्यांना विचारा.

शेवटच्या फळाच्या बिया पेल्यात, तीन दिवस,
वर बुरशीची साय. ईराने व्हिडिओवरच नाक दाबलं.
धुऊन पसरल्या, हाताला लागला त्या कागदावर.
ती कौन्सिल टॅक्सची नोटीस निघाली,
अर्धी वेल्श, अर्धी इंग्रजी.
घट्ट चिकटल्या. निघेनात.
मग नोटीसच कातरली, चौकोन चौकोन.
एक बी आमच्या आडनावावर,
एक 'त्वरित भरा'वर,
दोन रकमेतल्या शून्यांत.
मार्चमध्ये कागदासकट पेरायच्या.
टॅक्स भरलाय. श्रीरंगला पावती सापडत नाहीये.